पानठेल्याच्या अलीकडे

माझ्या ठाण्याच्या हद्दीतल्या तात्यापारा मोहल्ल्यातलं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

शिकवणीला निघालेल्या एका शाळकरी मुलीला गल्लीत कुणीतरी ओढलं. ती ओरडली म्हणून सुटली. ठाण्यात गुन्हा नोंदवतोय तोच खबऱ्याचा फोन आला, "साहब, वो पुराना वाला रोज शाम को पानठेले पर खड़ा रहता है."

पुराना म्हणजे याच गल्लीतला एक मराठी माणूस. अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटला होता आणि शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कामाला लागून तिकडेच राहत होता. तुरुंगात सुरू झालेले मानसोपचार बाहेरही चालू होते. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. असं काही घडलं की आधी जुना गुन्हेगार उचलायचा, ही ठाण्याची रीत. आम्ही त्याला उचलला.

चौकशीत मी आवाज चढवला. "रोज काहून येतो इथं?"

"आईले पाहाले, साहेब. ती दिवा लावाले दारात येते. ठेल्यावरून दिसते."

"मग घरी जा ना!"

"गल्लीत पोट्ट्या राहतात. उपचारवाल्या मॅडमनं शिकवलं, स्वतःवर भरोसा ठेवू नको, अंतर ठेव. ठेल्याच्या पुढं मी जात नाही."

पाठ केलेलं बोलतोय, असं मला वाटलं. पण पानवाल्यानेही तेच सांगितलं. पुढे गल्लीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात मुलीने ज्याला ओळखलं, तो शिकवणीच्याच घरातला सभ्य भाडेकरू निघाला. त्याने कबुली दिली.

याला सोडलं. पण ठाण्यात नेताना अख्ख्या मोहल्ल्याने पाहिलं होतं. लोकांनी त्याला ठेल्यावर उभं राहू दिलं नाही.

मी त्याच्या आईला भेटायला गेलो. तिचे गुडघे गेलेले, दारापलीकडे जाणं बंद.

"तो तिथं उभा राहते, मले माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर दिवा लावून मी हात हलवतो. आता काहून येऊन नाही राहिला, साहेब?"



उपचारांनी अशी माणसं सुधारतात का, असं लोक मला विचारतात. एकावरून मी सगळ्यांची हमी देणार नाही. त्याने जिचं बालपण नासवलं तिने त्याला माफ करावं, असंही म्हणणार नाही. पण कुणी पाहत नसताना स्वतःला अडवणारा गुन्हेगार मी नोकरीभर हा एकच पाहिला. तो अजूनही उपचारांना जातो. एकदा तरी त्या ठेल्यावर त्याने परत यावं, असं मला फार वाटतं.

निवृत्तीनंतर संध्याकाळी मी तिथे पान खायला जातो. म्हातारीला आता नीट दिसत नाही. दिवा लावून ती ठेल्याकडे हात हलवते. मीही हलवतो.