नॉर्मल आलेला रिपोर्ट

आज सकाळी बायको कणीक मळता मळता थांबली आणि कणकेच्या हातांनीच फरशीवर बसली. तिचं शरीर तिच्याच थायरॉईडच्या जिवावर उठलंय, त्याला सहा वर्षं झाली. प्रत्येक तपासणीचा आकडा मी वहीत उतरवतो. म्हणून म्हणालो, "अगं, या वेळी रिपोर्ट नॉर्मल आलाय."

"मग रिपोर्टलाच लाटू द्या पोळ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तिच्यावरची नव्हे. माझी बहीण "वहिनी आळशी झाल्यात" म्हणाली, तेव्हा मी तिला फाडकन बोललो होतो. आज मी तेच बोललो, फक्त दशांश चिन्हासकट. रक्तातलं मोजता येतं. बसलेलं माणूस उठेल की नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी परात ओढली आणि मुठीनं कणीक तिंबू लागलो.

"अहो, हळू," ती खालूनच म्हणाली. "कणकेनं काय बिघडवलंय तुमचं?"