गुरुवारचं दुखणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रभूला सांगायचा प्रश्न नव्हता – तो तिथंच होता, सगळं बघत. नातवंडांना मात्र मी छाती काढून सांगत आले की तुमच्या आजीनं दुखण्याचं सोंग करून कधी शाळा बुडवली नाही. शाळा नाही बुडवली, एवढं खरं आहे.

तर पन्नाशी ओलांडलेली एक बया डोळ्यांपुढं आणा. लोणावळ्यात एका मुंबईकराचा बंगला सांभाळणारी. शनिवार-रविवार पाहुण्यांचं रांधायचं, सोमवारी त्यांच्या चादरी धुवायच्या, उरलेले दिवस पुढच्या शनिवारची काळजी करायची. राग आला की गिळायचा, आणि मग पोटात आग पडते म्हणून सोडा प्यायचा. एक गुडघा धरलेला, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, झोपेचं नाव नाही – वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण बाई, तुम्ही बसता कधी? मला त्यांचाच राग आला. मी बसले तर पाहुण्यांना मटण काय ते वाढणार होते?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची एक रीत होती. आम्ही तिला ‘घर धरणं’ म्हणायचो. दुखणाईत बाईचं एक घर धरायचं आणि दर गुरुवारी दुपारी तिथं जमायचं. प्रार्थना तर व्हायचीच, पण कुणी तिची भाकरी थापायची, कुणी पाय चोळायची, एकजण तिला दवाखान्यात नेऊन आणायची. औषध घेतलं की नाही, हे रोज कुणीतरी विचारायची. बरं वाटलं की त्या बाईनं रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. मग पुढचं घर. एका वेळी एकच, कारण सगळ्याच कामकरी बायका.

माझं घर धरलं. आणि मी बरी झाले.

नुसत्या प्रार्थनेनं का? नाही. प्रार्थनेशिवाय झाले असते का? तेही नाही. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या. कुणीतरी हातातलं लाटणं काढून घेतलं. इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं मी त्या बायकांपुढं रडून मोकळं केलं, आणि त्यांनी ते देवापुढं ठेवलं. एका सकाळी जाग आली ती ऊन खिडकीत आल्यावर. उठले, मागच्या पायऱ्या उतरले, आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं – कठड्याला हात लावलाच नव्हता.

त्याच रविवारी साक्ष द्यायची होती. नाही दिली.

का? सरळ सांगते. गुरुवार सोडवेना. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी ताट वाढून देत होतं. साक्ष दिली की बायका पुढच्या घरी जाणार, आणि मी पुन्हा चादरींपाशी.

पुढचं घर राहेलचं होतं. पवनानगरची. थोरला मुलगा गेल्यापासून तिला झोप नव्हती. रक्तदाब वाढलेला, आणि गोळ्या – आठवल्या तर घ्यायच्या. नवरा कामाला बाहेर, घरात विचारणारं कुणी नाही. तरी ती दर गुरुवारी माझ्यासाठी यायची. कामशेतपर्यंत जीपनं, पुढं लोकलनं.

आणि ही बया काय करायची? गुरुवारी जेवणं उरकली की कपाळाला सुंठ फासायची, गुडघ्याला पट्टी बांधायची आणि पलंगावर कण्हत पडायची. नाटकात घेतली असती, तर पहिल्याच अंकात पडली असती – कारण एका गुरुवारी पट्टी भलत्याच गुडघ्याला बांधली गेली. बाकीच्या बायका स्वयंपाकघरात होत्या. राहेलनं पाहिलं. ती म्हणाली, “आक्का, आता ह्यो बी धरला व्हय?” आणि दोन्ही गुडघे चोळायला बसली.

चोळता चोळता तिनं विचारलं, “वाईच तरी उतार हाय का? मला बी लय जड झालंय आता. पर तुमचं होऊ द्या आदी.”

तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता? उतार आहे – दोन शब्द. मी म्हटलं, “नाही गं. होतं तसंच आहे.”

पुढं पावसाळाभर ती येत राहिली, आणि मी पट्टी नीट आठवून बांधत राहिले. मग एका गुरुवारी ती आली नाही. अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात सांगितलं, रक्तदाबाच्या गोळ्या कितीतरी दिवस चुकल्या होत्या. तिचं घर धरलेलं असतं तर हे टळलं असतं का? मला माहीत नाही. गोळी घेतलीस का, हे विचारायला रोज कुणीतरी असतं, एवढं माहीत आहे.

त्या रविवारी मी उभी राहिले आणि साक्ष दिली. याच आठवड्यात प्रभूनं मला बरं केलं, असं म्हणाले. मंडळीनं हालेलुया म्हटलं. कुणाकुणाचे तर डोळे भरून आले. पुढच्या गुरुवारपासून बायका राहेलकडं जाऊ लागल्या. मीही गेले. तिच्या भाकऱ्या मी थापल्या, तिला गोळ्या मी दिल्या. त्यानं काही फिटलं, असं मी म्हणत नाही.

राहेल आहे अजून. थोडं चालते, झोप लागते, चार माणसांत हसते. जीभ जड आहे, उजवा हात उचलत नाही. मागच्या महिन्यात गेले होते, तेव्हा शेजारीण बसली होती. राहेल माझ्याकडं बोट करून तिला सांगत होती, “आक्काला म्या बरी केली. देवानं माज्या हाताला येवडं तरी येश दिलं.”

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं.

ती माझे गुडघे चोळत होती, तेव्हा ते दुखत नव्हते.