शेवटपर्यंत जिवंत

माझ्या आत्याइतक्या वेळा मेलेली बाई उभ्या पालघर जिल्ह्यात सापडायची नाही. ऐन विशीत, नाटकातल्या म्हाताऱ्या नटीला ताप आला म्हणून केसांना पावडर फासून हिला आयत्या वेळी उभं केलं, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी ही इतकी सुरेख मेली की पुढे तिला कुणी जगूच दिलं नाही. नाटकांत मेली, सिनेमांत मेली. एका मालिकेत तर प्रेक्षकांच्या आग्रहाखातर जुळी बहीण होऊन पुन्हा मेली. लग्न का केलं नाहीस म्हटलं तर म्हणे, "मेल्याशिवाय घरी सोडत नव्हते, संसार कधी करू?"

थकल्यावर ती जव्हारला आमच्याकडे राहायला आली, पण सराव सुटला नाही. चहा पिता पिता मान कलायची, हात सैल सुटायचा. सुरुवातीला माझी बायको किंचाळायची. पुढेपुढे "आत्या, कप तेवढा इकडे द्या," म्हणू लागली. शेजारचे काका तापाने अंथरुणाला खिळले होते. आत्या समाचाराला गेली आणि उशाशी बसून इतक्या आस्थेने निरखू लागली, की ते घाबरून उठले आणि फिरायला गेले.

मग गेल्या हिवाळ्यात आमच्याच भागातल्या सूर्यमाळ गावात एका सिनेमाचं शूटिंग आलं आणि आत्याला आजीची भूमिका मिळाली. कागद वाचून तिचा चेहरा उतरला.

"अरे, ही शेवटपर्यंत जिवंतच आहे!"

"मग चांगलंच की."

"चांगलं काय? मरणं येतं मला. नुसतं बसायचं कसं?"

रात्रभर तिला झोप नव्हती. शूटिंगला मीही तिच्यासोबत गेलो. शेवटचा प्रसंग होता, नात सासरी गेल्यावर आजी ओटीवर तुरीच्या शेंगा सोलत बसते. आत्या बसली. कॅमेरा सुरू होताच खांदे पडले, श्वास लांबला. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, "आजी, तुम्ही परत मरायला लागलात!" सगळे हसले. आत्याचे मात्र डोळे भरून आले.

ज्या घरात शूटिंग होतं तिथली जानकी सूप घेऊन सरळ तिच्याशेजारी येऊन बसली.

"आजी, तुला पोरं किती?"

"नाटकात पुष्कळ. घरात एकही नाही."

"मंग माझी घे. दोघं हायेत, लय खातात."

आत्या खळखळून हसली. पोरं खातात काय, शाळेत जातात का, असं विचारत राहिली. बोटं आपोआप शेंगा सोलत होती. कॅमेरा कधी सुरू झाला नि कधी थांबला, तिला कळलंही नाही.

सामान गाडीत चढलं. दिग्दर्शक पाया पडून गेला. मी हाक मारली, "आत्या, निघायचं ना?"

"तू हो पुढे. एवढं सूप संपलं की येते."

भूमिका संपल्यावर रेंगाळलेली आत्या मी कधी पाहिली नव्हती. उन्हं डोंगरामागे उतरत होती आणि जानकी तिला धाकट्याच्या खोड्या सांगत होती. मी चपला काढून पायरीवर बसलो. शेंगा अजून बऱ्याच होत्या.