अस्वलाची भाऊबीज

"दिवस चुकला तुमचा," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. समोरच्याने काही फार मोठा गुन्हा केलेला नसायचा. आपण पार्कला जाऊन आलो आणि गर्दी फार होती, एवढंच तो बिचारा बोललेला असायचा.

पार्क म्हणजे साधी बाग नव्हे हं. उलटेसुलटे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, प्लॅस्टिकचे डोंगर आणि तिथल्याच हॉटेलात दोन रात्री मुक्काम, असं ते प्रकरण. पनवेलहून संध्याकाळी बसमध्ये बसलं की उजाडताना दारात. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांची माणसं येऊन मलाही विचारतील, की तुम्ही कुठल्या दिवशी गेला होतात, आणि माझ्याकडे दिवाळीचे ब्लाऊज पडलेत.

हो, मी शिवणकाम करते. खांदा कॉलनीत, तळमजल्यावर. ते तिसऱ्या मजल्यावरचे. सगळी बिल्डिंग त्यांना पार्कवाले म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा. कुणाचा महाराज असतो, कुणाची गाडीची कंपनी असते, कुणाचं मिसळीचं दुकान असतं. त्याबद्दल वाकडा शब्द काढला, की संपलं.

गंमत अशी, की पार्कवाले नोकरीला तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, सेफ्टी ऑफिसर. म्हणजे चुका काढण्याचाच पगार. घरी आले तरी ती सवय सुटत नसे. जिन्यात कुणी सायकल ठेवली की दारावर चिठ्ठी. गणपतीच्या मांडवात वायर उघडी दिसली की आरती थांबवून भाषण. माझ्या मशीनजवळ चिंध्यांचा ढीग दिसला, तर "ताई, आग काय विचारून लागते का?" म्हणत स्वतः पोत्यात भरून घेऊन गेले. माणूस कामाचा, नाही म्हणत नाही मी. पण पार्कच्या गेटातून आत शिरला की त्याचे डोळे कुठे जायचे, देव जाणे.

एकदा मीही गेले होते त्यांच्या आग्रहाला बळी पडून. सगळ्यात उंच पाळण्यात बसलो आणि तो मेला वरच्या वर बंद पडला. डोकं खाली, पाय वर. माझं मंगळसूत्र कपाळावर. पलीकडची बाई रामरक्षा म्हणत होती. आणि हे पार्कवाले तसेच उलटे लटकून आम्हाला समजावतायत, "बघा, बघा! बंद पडला म्हणजे सेन्सर चालू आहेत. याला म्हणतात सेफ्टी!" खाली उतरल्यावर मी ओकले, तर म्हणाले, "नाश्ता चुकला तुमचा."

असं त्यांचं सगळ्याला उत्तर असायचं. वडापाव गार मिळाला? खिडकी चुकली. दोन तास रांगेत उभं राहिलात? गेट चुकलं. खोलीत डास होते? मजला चुकला. पार्क कधीच चुकायचं नाही. चुकायला आपण होतोच की.

त्यांच्यासारखी आणखी पन्नासेक माणसं होती, पनवेल, कामोठे, कळंबोलीकडची. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा पिवळा परिवार. पिवळा, कारण पार्कचं जे बोधचिन्ह आहे ते पिवळं अस्वल आहे. माणूस आत शिरून नाचतो ना, तसलं. या सगळ्यांच्या गळ्यातले पिवळे रुमाल मीच शिवलेत, म्हणून त्यांच्या बैठकांना मला आत प्रवेश. इंटरनेटवर कुणी पार्कला नावं ठेवली, की पार्कवाले ग्रुपवर लिहायचे, "मंडळी, एकाने तोंड उघडलंय." मग काय विचारता! सगळी गांधीलमाश्यांसारखी तुटून पडायची. एका बाईने लिहिलं होतं, की तिथल्या पाण्याने माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ आलं. झालं. तुम्ही घरी साबण कुठला वापरता? मुलीला आधीपासूनच होतं का? आई म्हणून तुम्ही लक्ष दिलं नाहीत का? शेवटी त्या बाईने लिहिलेलं काढून टाकलं आणि वर माफी मागितली. पार्कवाल्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मी घेतला नाही. माझ्या घशाखाली उतरला नसता.

पण सगळ्यात कहर म्हणजे यांची भाऊबीज. दरवर्षी लक्ष्मीपूजन आटोपलं की परिवाराची बस सुटायची. पाडवा पार्कमध्ये, भाऊबीजही पार्कमध्ये. भाऊ तर आपापल्या गावी. मग ओवाळायचं कुणाला? यांनी तोडगा काढला, अस्वलाला. परिवारातल्या सगळ्या बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या आणि समोर ते केसाळ धूड पाटावर बसलेलं. मी गेले त्या वर्षी माझा नंबर लागला, तेव्हा अस्वलाच्या पोटातून घोगरा आवाज आला, "ताई, निरांजन जरा लांब धरा ना. मागच्या वर्षी कान जळला होता." मी वळून पार्कवाल्यांकडे पाहिलं. माझ्या चिंध्या पोत्यात भरून नेणारा हा माणूस हसत हसत व्हिडिओ काढत होता.

आता वहिनींबद्दल सांगते. पार्कवाल्यांची बायको. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, घरात ही दोघंच. वहिनी उरणच्या, कोळीवाड्यातल्या. पार्कवालेही मूळचे गव्हाणचे, पण कंपनीत साहेब झाल्यापासून त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी झालेली. वहिनींनी आपली तशीच ठेवली. पार्कमध्ये वहिनी एकाही पाळण्यात बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या बाकावर बसायच्या, सगळ्या परिवाराच्या पिशव्या, चपला, चष्मे, कवळ्यासुद्धा सांभाळत. मी विचारलं, तुम्ही नाही जात? तर म्हणाल्या, "कुनीतरी बसाया नको?"

आणि भाऊबीजेला त्या अस्वलाला ओवाळून झालं की बाजूला जाऊन फोन लावायच्या. उरणला त्यांचा एकुलता एक भाऊ फोन तांब्याला टेकवून पाटावर बसलेला असायचा. इकडे वहिनी फोनभोवती ताट फिरवायच्या आणि रांगेतली पोरं त्यांना धक्के मारून पुढे जायची. ते पाहिलं आणि माझा पार्कचा शौक कायमचा फिटला.

गेल्या पावसाळ्यात त्या भावाच्या छातीचं ऑपरेशन झालं. मोठं. माणूस वाचला, पण डॉक्टरांनी बोटीवर जायची बंदी केली. नवरात्रात वहिनी माझ्याकडे हिरवं खणाचं कापड घेऊन आल्या.

"ब्लाऊज शिवून द्या ताई. भाऊबीजेला घालाचा हाय."

"पिवळा नाही यंदा?"

"नाय. यंदा मी उरणला जानार. भाऊ माजा मरता मरता वाचलाय. मना त्याला हातानं ओवालाचा हाय, फोनवर नाय."

"साहेबांना सांगितलंत?"

वहिनींनी मापाचा जुना ब्लाऊज माझ्यापुढे ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी पार्कवाल्यांच्या हॉलमध्ये परिवाराची बैठक. बसच्या सीट ठरवायच्या होत्या. मी नव्या रुमालांचे नमुने घेऊन बसले होते. वहिनी पोहे घेऊन बाहेर आल्या, बश्या ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माजी सीट धरू नका. मी भाऊबीजेला भावाकडं जाते."

एवढंच. पार्कबद्दल एक अक्षर नाही. पण त्या मंडळींच्या कानात काय शिरलं कोण जाणे! एक काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, पार्कमध्ये व्हीलचेअर मिळते. भावालाच आणा." छातीला टाके पडलेल्या माणसाला! दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "यंदा त्यांनी फूड कोर्ट नवीन केलंय, तुम्ही आधी बघा तरी." तिसरी म्हणाली, "शेवटी भाव महत्त्वाचा. अस्वलाला ओवाळलं तरी भावाला पोचतं." ही बाई शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी टेपने स्वतःचं तोंड बांधून घ्यायची तेवढी राहिले होते.

सगळे बोलून झाल्यावर पार्कवाल्यांनी डोळे मिटले. बोट वर केलं. मला वाटलं, आता तरी नवरा बोलेल.

"तुझं काय होतं माहीत आहे का?" ते म्हणाले. "तू तिकडे कोपऱ्यात बसतेस. त्यामुळे तुला पार्कची मजाच कळत नाही. बाक चुकतो तुझा."

वहिनींनी रिकामी बशी उचलली. "आनि पिशव्या कोनी बघाच्या?" त्यांनी विचारलं.

मंडळी उरलेले पोहे संपवायला लागली. थोड्या वेळाने सीटची चर्चा पुन्हा सुरू झाली. मी रुमालांचे नमुने तिथेच ठेवून खाली निघून आले आणि त्या दिवशी हातातलं सगळं बाजूला सारून हिरवा ब्लाऊज शिवायला घेतला.

परिवाराची बस पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत गेली. पार्कवाले पुढच्या सीटवर, गळ्यात पिवळा रुमाल. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, की बायको ऐनवेळी खाली येईल. बसच्या दारात उभे राहून दोनदा वर बघितलं त्यांनी. वहिनी गॅलरीत कंदील लावत होत्या.

मला भाऊ नाही. भाऊबीजेला वहिनींनी मला हाताला धरून पनवेल डेपोत नेलं आणि उरणच्या एसटीत बसवलं. कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत गाडी निघाली. गव्हाण फाटा आला तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "यांचं गाव. हिथं पन यांची चुलत बहीन वाट बघते. तिला पन व्हिडिओ पाठवतान. अस्वलाचा."

भावाला खाली बसता येत नव्हतं, म्हणून खुर्चीभोवती रांगोळी काढली होती. पाट मात्र समोर मांडून ठेवलेला. माणूस पार वाळला होता, शर्ट खांद्यावरून घसरत होता. वहिनींनी त्याच्या कपाळाला टिळा लावला आणि बोट तिथेच राहिलं. भाऊ म्हणाला, "अगो, ओवाल की आता." दोघंही रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

मग मीही त्याला ओवाळलं. त्याची बायको जेवायला वाढू लागली आणि तेवढ्यात वहिनींचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. ग्रुपवर पार्कवाल्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. वहिनींनी तो सगळ्यांना ऐकवला. आवाज दमलेला होता.

"मंडळी, या बाकावर अजिबात सावली नाही. पिशव्या टाकून उठता येत नाही, पाण्याचा नळ लांब आहे. मॅनेजमेंटने याकडे लक्ष दिलं पाहिजे."

इतक्या वर्षांत पार्कबद्दलची त्यांची ही पहिली तक्रार. पिशव्या सांभाळायला यंदा कुणी नव्हतं, तेव्हा परिवाराने ते काम पार्कवाल्यांच्याच गळ्यात घातलं होतं. आणि खाली भराभरा उत्तरं येत होती. दादा, कुठल्या बाकावर बसलात? दादा, टोपी आणायला हवी होती. दादा, बाक चुकला तुमचा. मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं होतं, बसायचंच होतं तर आलात कशाला? मी एवढी हसले की मला ठसका लागला. वहिनी हसल्या नाहीत.

मग पार्कवाल्यांचाच फोन आला. भाषेची इस्त्री पार मोडली होती. "अगो, लय ऊन हाय हिथं. ही लोकं माजं काय ऐकूनच घेत नाय. मी सांगतोय काय, नि ही बोलतान काय!"

वहिनी रागावल्या नव्हत्या. आजाऱ्याला सांगावं तसं हळूच म्हणाल्या, "आज भाऊबीज हाय. दिवस चुकला तुमचा."

पलीकडून पाळण्यांचा आवाज आणि पोरांच्या किंचाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. वहिनींनी फोन ठेवला आणि भावाच्या भातावर कालवण वाढलं.

वहिनी भावाजवळच राहिल्या. मी एकटीच परतले. परिवाराची बस आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्कवाले माझ्या दारात उभे. गळ्यात रुमाल नव्हता. नाक उन्हाने सोललेलं. मशीनजवळ चिंध्यांचा चांगला मोठा ढीग पडला होता, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "उरणची एसटी डेपोत कुठे लागते?"

जन्म पनवेलच्या आसपास गेला या माणसाचा. पार्कमधला प्रत्येक पाळणा कधी सुरू होतो आणि कधी बंद पडतो ते यांना पाठ. मला बोलायला तोंडाशी आलं होतं बरंच काही, आणि इतर कुणी असतं तर मी सोडलं नसतं. पण त्यांचा चेहरा बघून नाही बोलवलं. कुठे लागते ते सांगितलं.

तरी ते हलेनात. दाराची कडी उगाच वरखाली करत राहिले.

"आता भाऊबीज तर होऊन गेली," ते म्हणाले. "मग कुठल्या दिवशी गेलेलं बरं?"

"आज जा," मी म्हटलं.