हाफटाइमला आलेला फोन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला माझ्या बहुतेक गोष्टी न बोलताच कळतात. ही कळलेली नाही. निदान मी तसं धरून चाललोय.

मी कुवेतमध्ये एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. राहतो खैतानला. तिथल्या रत्नागिरीकडच्या मंडळींची एक फुटबॉल टीम आहे. सामने शुक्रवारी सकाळी, जुम्याच्या नमाजाआधी. मी पुण्याचा, जन्मात बॉलला पाय लावलेला नाही, तरी सहा वर्षं या टीमचा समर्थक आहे. प्रथमोपचाराची बॅग माझ्या गाडीत असते, म्हणून सगळे मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दोनदा दुरुस्ती केली. मग सोडून दिली. सत्कारात दुसऱ्यांना मिळणाऱ्या शालींना हसणाऱ्या माणसाला स्वतःला मिळालेली फुकटची पदवी इतकी पटकन कशी काय मापात बसते?

टीम बहुतेक वेळा हरायची. हरल्यावर ग्रुपवर मेसेज टाकणं हे माझं काम — पराभवातल्या तीन चांगल्या गोष्टी. एकदा शून्य-चार हरलो, तर मी लिहिलं की शेवटच्या दहा मिनिटांत आपण एकही गोल खाल्ला नाही. त्यातली चार मिनिटं बॉल भिंतीपलीकडे गेलेला होता. पण लोक वाचायचे, हसायचे, पुढच्या शुक्रवारी परत यायचे.

आणि एकदा मी भाषणही केलं. टीमच्या वार्षिक मेळाव्यात अध्यक्ष रफीकचाचा साटिनचा पट्टा लावून बसले होते, पाहुणे चाळीस मिनिटं बोलले होते. मला दोनच मिनिटं मिळाली. मी म्हणालो, हरताना मैदान सोडत नाही तो समर्थक, बाकीचे नुसते प्रेक्षक. खूप टाळ्या पडल्या. माझं बोलणंही साटिनच होतं, नुसतं चकचकीत — पण त्या दिवशी मला ते साधं सुती वाटलं.

ज्या शुक्रवारची ही गोष्ट आहे, त्या दिवशी पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला झाला. हाफटाइमपर्यंत पाच. पाचव्या गोलाला समोरच्या लोकांनी टाळ्याच वाजवल्या नाहीत. त्यांना आमची दया आली होती. मग आमच्या बाजूची सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघू लागली. मी काहीतरी चांगलं बोलेन म्हणून.

माझ्याकडे काही नव्हतं. कसं सांगू — पराभवाचा धक्का नव्हता तो. डोकं एवढं रिकामं असू शकतं याचा होता. सहा वर्षं मी ज्याला श्रद्धा समजत होतो ते नुसतं लिहिण्याचं कसब होतं का?

मी मोबाइल कानाला लावला. फोन आलेला नव्हता. “हो, हो, निघालोच,” असं म्हणालो आणि रफीकचाचांना सांगितलं — अ‍ॅक्सिडेंटची इमर्जन्सी केस आहे, हॉस्पिटलमधून बोलावलंय. त्यांनी स्वतः खुर्च्या सरकवून मला वाट करून दिली.

मी कुठे गेलो? दोन गल्ल्या सोडून जमइयाचं, म्हणजे इथल्या सहकारी सोसायटीचं दुकान आहे, त्याच्या पार्किंगमध्ये. मागच्या सीटवर खेळाडूंसाठी आणलेली संत्री होती. त्यातली दोन खाल्ली. बॅग डिकीत होती.

ग्रुपवर स्कोअर आला, शून्य-अकरा. मी गाडीतूनच मेसेज लिहिला. तीन चांगल्या गोष्टींतली एक — आपले गोलकीपर मुश्ताकभाई शेवटपर्यंत उभे राहिले. मी पाहिलं नव्हतं. अकरा गोल खाणाऱ्याबद्दल आणखी काय लिहिणार, म्हणून लिहिलं. खाली कुणीतरी टाकलं, “आणि डॉक्टर ड्यूटीवर असूनही आपल्याला विसरले नाहीत.” त्याला तेवीस अंगठे आले. मी मोजले.

बारा दिवसांनी मुश्ताकभाई एक्स-रेची चिठ्ठी घेऊन माझ्याच टेबलापुढे आले. मिरकाब भागात दिशदाशे, म्हणजे अरबांचे लांब झगे शिवणाऱ्या एका दुकानात ते हातशिलाईचे कारागीर आहेत. उजव्या हाताचं मधलं बोट, टोक खाली लोंबणारं. सरळ करा म्हटलं तर होईना. दुसऱ्या हाफमध्ये बॉल बोटाच्या टोकावर आदळला होता. मंडळींनी तेल लावून चोळलं, ओढलं, मोच आहे म्हणाले. ते परत गोलात जाऊन उभे राहिले. म्हणजे माझं वाक्य खरं निघालं होतं. ते कळल्यावर मला काही क्षण मशीनचं बटण सापडेना.

असं बोट त्याच वेळी सरळ ठेवून पट्टीने बांधलं तर बहुधा सरळ जुळतं. आमच्याकडे शिकाऊ टेक्निशियनलाही हे माहीत असतं. ती पट्टी बॅगेत होती. मी फोटो काढला. नखाखालच्या हाडाचा एक कपचा सुटून मागे सरकला होता.

“अंगुस्तान रवत नाय आता बोटावर,” ते म्हणाले. “सुई सरकते. शेठने सध्या इस्त्रीला बसवलाय.”

मी त्यांचा हात हातात घेऊन बोट पुन्हा पाहिलं.

“तुम्हाला फोन करूया म्हणत होते सगळे. मीच नको बोललो, डॉक्टर. तिकडे कुणाचा जीव जात असेल, आणि आपण बोटासाठी बोलवायचं?”

मी म्हणालो, “बरं केलंत.”

हे शब्द मी बोललो. भर सकाळी, पूर्ण शुद्धीत, त्यांचा हात माझ्या हातात असताना. तिथे थांबून खरं सांगता आलं असतं. आमच्या दोघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं, आणि हा माणूस ओरडला नसता.

मग त्यांनी विचारलं, “तो पेशंट वाचला ना?”

मी म्हणालो, “वाचला.”

“अल्हमदुलिल्लाह,” मुश्ताकभाई म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मला दिसत होतं.