रुक्मिणची वजरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता, आणि पाऊस नव्हता. मी हदगावची, लातूरला मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावीला होते. टँकर दिवसाआड यायचा. चाळीस मुलींना न्हाणीघर एकच, त्यामुळे दुष्काळातसुद्धा त्याची फरशी कधी वाळायची नाही. माझ्या खोलीत रुक्मिण होती, शिरूर अनंतपाळकडची. ती पळायची. काय पळायची! नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ निवडणार होते, आणि तिचं नाव सगळ्यांनी धरलेलंच होतं.

माझ्या टाचेखाली चामखीळ झाली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, आत दबलेली, मधे काळे ठिपके. दोन्ही बाजूंनी चिमटलं की कळ मस्तकात जायची. मला लाज वाटायची — कसली लाज? चामखीळ म्हणजे काही पाप नव्हे. पण मी लपवली. आणि आंघोळीला गेले की रुक्मिणची वजरी घेऊन टाच घासायची. गुपचूप. मग धुऊन तिच्या कोनाड्यात परत.

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ही लागट असते. ओल्या फरशीवर अनवाणी जायचं नाही. दुसऱ्याची चप्पल, वजरी वापरायची नाही. आणि ब्लेड तर लावायचंच नाही." औषध दिलं. रोज कोमट पाण्यात पाय भिजवायचा, वरची मेलेली कातडी हलकेच काढायची, औषध लावायचं. तेही मी लपूनछपूनच केलं, आणि दोन-अडीच महिन्यांत माझी गेली.

तोवर रुक्मिणच्या तळव्यावर तीन आल्या होत्या.

मुलींनी ते बघितलं. हिनं खेड्यातून काहीतरी आणलंय, असं झालं. रेक्टरबाईंनी तिला सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करायला लावलं. त्या दिवसांत शेवटी म्हणजे काय — हौदाच्या तळाचं गढूळ, अर्धी बादली. ती मला विचारायची, "कुठून आलं गं हे? म्या तर कुणाचंच काही घेत न्हाई."

मी काय बोलले? काहीच नाही. औषधाची अर्धी बाटली माझ्या पेटीत होती. पण दिली असती तर — कुणासाठी आणलीस, असं तिनं विचारलं असतं ना? म्हणून बाटलीही नाही दिली. ब्लेड लावू नको, एवढं तरी? तेही नाही.

निवड जवळ आली तसं तिनं ब्लेडनं कापलं. पाय सुजला, पू झाला, ताप भरला. वडील येऊन तिला घेऊन गेले. संघ निवडला गेला. ती परत आलीच नाही.

चार वर्षांपूर्वी लातूरजवळच्या मुरुडला एका लग्नात भेटली. मला ओळखायलाच वेळ लागला, तिला नाही. माझा हात धरून तिनं लेकीला हाक मारली. म्हणाली, "ही माझी मैतरीण. सगळ्या दूर झाल्या, पर ही माझ्या शेजारीच निजायची. लई जिवाची."

लेक माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाव," मी म्हणाले. आणि पंगतीत रुक्मिणशेजारी बसून जेवले.