उपरण्याखालचा भाव

पुंजारामाला कोणी फसवू शकत नाही, असं आमच्या गावात स्वतः पुंजारामच सांगायचा. माणूस बैलांचा दलाल. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघून वय सांगणार, चार पावलं चालवून खोड ओळखणार. भाव मात्र कधी तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबायची, मान हलवायची. सौदा कितीला झाला हे तिसऱ्याला कळत नाही, आणि तिसऱ्याने विचारायचंही नसतं. ही रीत सारं गाव पाळतं. तिनेच आमचं वाटोळं केलं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात राधाकृष्ण नावाचा कोणी साहेब गावात आला. टेरिलीनचा शर्ट, काखेत कातडी बॅग, बॅगेत नकाशा. नकाशात आमचा खडकाळ माळ आणि त्यावर साखर कारखान्याची चिमणी. चिमणीतून धूरसुद्धा काढलेला! माळावर प्यायला पाणी नाही, तिथं ऊस कुठून येणार, हे एकानेही विचारलं नाही. धूर बघूनच आम्ही हरखलो. एक शेअर हजाराला, म्हणाला.

हजार ऐकून पुंजाराम हसला. साहेबाने हात पुढे केला. पुंजारामाने त्यावर उपरणं टाकलं. पाच मिनिटं बोटं आत झगडत होती आणि दोघांची तोंडं मयताला आल्यासारखी. मग माना हलल्या.

पैसे चांगुणाकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे होते. थोरली पोरगी विजयमाला मॅट्रिक झाली होती. नगरला मास्तरीण व्हायचं शिक्षण घ्यायचं म्हणून बैलजोडी विकून तिच्या फीचे आणि जेवणखाणाचे पैसे बाजूला ठेवले होते.

"अवं, कारखान्याच्या कागदाचा भाव कुटं कमी-जास्त हुतो का?" चांगुणा म्हणाली. "एष्टीचं तिकीट कदी बोटं दाबून काढलं का तुमी?"

"तुला काय कळतंय? बोटांचा भाव वळखतोय त्यो. आपल्यातला मानूस हाय."

"पोरीचं पैसं हायेत त्ये."

"दिवाळीला दुप्पट हुत्याल."

चांगुणाने नोटा दोनदा मोजून दिल्या.

साहेबाने असे अकरा हात धरले. एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्हालाच एवढ्यात देतोय, कोणाला बोलू नका. अकरात मीही होतो. आम्ही महिनाभर गावातून मिशीत हसत फिरलो. आठ दिवसांत शिक्क्याचे कागद घेऊन येतो म्हणालेला साहेब काही आला नाही. शेवटी अकरातला गोरक्ष, साहेबाने आकडा न घालता दिलेल्या पावतीवरचा पत्ता शोधत नगरला गेला. तिथं सायकलींची पंक्चरं काढायचं दुकान होतं.

खबर लागून फौजदार चावडीवर आले. वही उघडून म्हणाले, "कोणी किती दिले, सांगा."

अकरा माणसं जमिनीकडे बघू लागली.

"चारचौगांत भाव कसा सांगावा, सायेब?" पुंजाराम म्हणाला.

"मग तक्रार कशाची लिहू? तुमच्या बोटांची?"

तरी कोणी बोलेना. लुटलं गेल्याची लाज नव्हती आम्हाला. शेजाऱ्याला शेअर आपल्यापेक्षा स्वस्त मिळाला असला तर, ही धास्ती होती. अशा गाढवांना लुटायला नकाशा तरी कशाला लागतो? फौजदार वही मिटायला लागले, तेवढ्यात विजयमाला पुढे आली. हातात वहीचं पान. अकराही घरांत नोटा बायकांनीच मोजल्या होत्या, आणि पोरीने घरोघर जाऊन बायकांना विचारलं होतं.

ती उभी राहून वाचू लागली. गहिनीनाथ, साडेसातशे. सहादेव, सातशे. गोरक्ष, आठशे. माझे साडेसहाशे, सगळ्यांत कमी. खोटं कशाला बोलू, घर बुडालेलं असताना मला आनंद झाला. बापाचं नाव तिने शेवटी ठेवलं होतं.

"पुंजाराम, नऊशे. समद्यांत जास्त तुमीच दिलं, दादा."

पुंजाराम खांबाला टेकला. म्हणाला, "नऊशे. लिवा, सायेब. पोरीच्या शाळंचं हुतं."

फौजदारांनी लिहून घेतलं. मग विजयमालाला विचारलं, "शाळेत नाव कधी घालायचं आहे?"

"तारीख परवा गेली," ती म्हणाली, आणि पान त्यांच्यापुढे ठेवून घरी निघाली.